पहिला घास आणि सातवे पाणी

जूनच्या पहिल्या सरी पडून गेल्या की ठाणे स्थानकाबाहेर, कळव्यात आणि पनवेलच्या बाजारात शहापूर, मुरबाड, कर्जतकडून आलेल्या बायकांच्या टोपल्यांत शेवळे दिसू लागतात. जमिनीतल्या कंदातून पानांच्याही आधी वर येणारा हा जांभळट-तपकिरी फुलोरा नीट न शिजवता खाल्ला तर घसा अशा रीतीने खाजतो की पुन्हा त्याचे नाव काढू नये असे वाटावे, आणि तरीही ठाणे-रायगडातल्या कित्येक घरांत त्याची वर्षभर वाट पाहिली जाते. शेवळे पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, की हे खाण्याजोगे आहे हे कोणाला आणि कसे कळले असेल? हा प्रश्न बहुतेक वेळा हसून सोडून दिला जातो. मला तो गंभीर वाटतो, कारण त्याचे जे उत्तर आपण मनाशी धरून बसलो आहोत ते चुकीचे आहे, आणि त्या चुकीच्या उत्तराच्या आधारेच रानभाज्यांविषयी, त्या विकणाऱ्या बायकांविषयी आणि त्या जिथे उगवतात त्या डोंगरांविषयी आपली शहरे निर्णय घेत आहेत.

आपले प्रचलित उत्तर एका शूर माणसाचे आहे. कोणीतरी धाडस केले, घास घेतला, तो जगला, आणि त्या दिवसापासून तो पदार्थ खाद्य ठरला. अमेरिकेत टोमॅटोबद्दल अशी एक दंतकथा फार आवडीने सांगितली जाते. न्यू जर्सीतल्या सेलम या गावी १८२० मध्ये रॉबर्ट गिबन जॉन्सन नावाच्या गृहस्थांनी न्यायालयाच्या पायऱ्यांवर, जमलेल्या गर्दीसमोर टोमॅटो खाऊन दाखवला आणि तो विषारी असल्याचा समज कायमचा दूर केला, अशी ती कथा. त्या प्रसंगाचा समकालीन पुरावा नाही, आणि टोमॅटो तर त्याआधी कित्येक शतके मेक्सिकोतल्या लोकांच्या रोजच्या जेवणात होता. तरीही कथा टिकते, कारण तिच्यात नायक आहे, एक ठरावीक दिवस आहे आणि टाळ्या वाजवणारी गर्दी आहे. ज्यांनी ते फळ आधीच शेकडो वर्षे पिकवले, निवडले आणि रांधले, त्यांना त्या कथेत जागाच नाही.

ही कथा शेवळांना लावून पाहिली की ती लगेच कोसळते. शेवळांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते जीभ व घशाच्या नाजूक आवरणात रुततात. अळू आणि सुरण यांच्या खाजेचेही कारण तेच. शेवळे करताना वरचे आवरण काढावे लागते, आतला पिवळसर दाणेदार भाग वेगळा करून टाकावा लागतो, उरलेले बारीक चिरून भरपूर शिजवावे लागते आणि त्यात काकड नावाच्या झाडाच्या आंबट हिरव्या फळांचा रस किंवा चिंच-आमसूल घालावे लागते. म्हणूनच शेवळांच्या वाट्यासोबत विकणारी बाई मूठभर काकडे आपणहून देते. आता जो कोणी शूर माणूस रानात कच्चे शेवळ चावेल त्याला एवढेच कळेल की हे खाण्याजोगे नाही. त्याच्या धाडसातून मिळणारे ज्ञान नकाराचे आहे. शेवळे ज्यांनी ‘शोधली’, ते या नकारानंतर परत आलेले लोक होते, आणि एकदा नव्हे, बहुधा पिढ्यान्‌पिढ्या परत येत राहिलेले लोक होते.

आपल्या शरीराला या कामासाठी काही उपजत साधने मिळाली आहेत, हे खरे. कडू चव ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) माणसाच्या जिभेवर असतात आणि वनस्पतींतली अनेक विषे कडू असतात, त्यामुळे कडू लागताच तोंड वाकडे होणे ही फार जुनी संरक्षणव्यवस्था आहे. दोन वर्षांच्या आसपासची मुले अनोळखी पदार्थ तोंडात घ्यायला एकाएकी नकार देऊ लागतात, यालाही संशोधक तसाच अर्थ देतात, कारण चालू लागलेले मूल आईच्या नजरेआड काहीही तोंडात घालण्याचा धोका याच वयात सर्वाधिक असतो. मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी १९५५ पासून उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले की एखाद्या चवीनंतर तासांनी प्रकृती बिघडली तरी प्राणी त्या चवीशी तो त्रास जोडतो आणि पुढे ती टाळतो. उंदीर तर आपल्या सोबत्याच्या श्वासातल्या वासावरून कोणते अन्न खाल्ले गेले आहे हे ओळखतात आणि तेच अन्न पसंत करतात. अन्नाबाबतचे ज्ञान एका जीवाकडून दुसऱ्याकडे जाते, ही गोष्ट माणसाच्या कितीतरी आधीची आहे.

परंतु या साधनांना मर्यादा आहेत आणि त्या मर्यादांमध्येच सगळा प्रश्न दडलेला आहे. कडू लागते ते सगळे विषारी नसते. कारली आणि भारंगी आपण आवडीने खातो. उलट सर्वांत घातक अळंब्यांपैकी काही चवीला अजिबात वाईट नसतात आणि त्यांचा परिणाम दिसायला सहा ते बारा तास किंवा त्याहून अधिक वेळ जातो, तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते. पावसाळ्यात आपल्याकडच्या झुडपांतून लाल-पिवळ्या फुलांनी लक्ष वेधणाऱ्या कळलावीच्या कंदात कोल्चिसिन हे विष असते, त्याचा त्रासही काही तासांनी सुरू होतो. विदर्भात लाखोळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डाळीचे उदाहरण याहून बोलके आहे. ती चविष्ट आहे, दुष्काळातही तगते, पोट भरते, आणि महिनोन्‌महिने तिच्यावरच राहिलेल्या माणसाचे पाय कायमचे निकामी होऊ शकतात; म्हणूनच १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर देशात बंदी आणली गेली. एका घासाने, एका जेवणाने किंवा एका महिन्यानेही जे समजत नाही, ते चाखून शोधणार कसे? पशुपक्ष्यांना पाहून माणूस शिकला, हे उत्तरही असेच अर्धे आहे. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, म्हणून पक्षी जे निवांत खातो ते आपल्याला मानवेलच असे नाही.

भूक शिकवते, असे उत्तर आपल्याकडे विशेष प्रिय आहे, कारण दुष्काळाची आठवण आपल्या घरांत अजून ताजी आहे. १९७२ च्या दुष्काळातली मिलो ज्वारी आणि सुकडी अनेकांच्या आजी-आजोबांनी खाल्लेली आहे. भुकेपोटी माणूस काहीही तोंडात घालेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तोंडात घालणे आणि शिकणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर किती जीवघेणे असू शकते हे ऑस्ट्रेलियातल्या एका घटनेने नोंदवून ठेवले आहे.

रॉबर्ट बर्क आणि विल्यम विल्स यांची मोहीम १८६० च्या ऑगस्टमध्ये मेलबर्नहून निघाली आणि खंड ओलांडून उत्तरेच्या आखातापर्यंत पोहोचली. १८६१ च्या एप्रिलमध्ये ते परतीच्या वाटेवर कूपर क्रीक येथील तळावर आले, तेव्हा त्यांची वाट पाहणारी तुकडी त्याच दिवशी सकाळी निघून गेलेली होती. जवळचे अन्न संपत आले. त्या प्रदेशातले यांड्रुवांधा लोक नार्डू नावाच्या पाणनेच्याच्या बीजाणुकोषांचे पीठ करून खात, हे या गोऱ्या प्रवाशांनी पाहिले आणि तेही ते गोळा करून, कुटून खाऊ लागले. विल्सने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे की नार्डू आपल्याला मानवतो, भूकही चांगली लागते, पण शक्ती मात्र दिवसेंदिवस जात आहे. जून संपण्याच्या सुमारास विल्स आणि बर्क दोघेही गेले. नार्डूमध्ये बी१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर (एन्झाइम) असते. यांड्रुवांधा स्त्रिया ते पाण्यासोबत वाटून आणि भाजून ज्या पद्धतीने सिद्ध करीत, ती पद्धत या दोघांनी उचलली नाही आणि त्यामुळे भरल्या पोटी त्यांचा ऱ्हास झाला, असे पुढे संशोधकांनी मांडले. बर्क स्थानिकांशी फटकून वागला. तिसरा सोबती जॉन किंग मात्र यांड्रुवांधांच्या आश्रयाला गेला, त्यांच्यात राहिला, त्यांनी दिलेले अन्न खाल्ले, आणि सप्टेंबरमध्ये शोधपथक आले तेव्हा तो जिवंत होता.

या तिघांपैकी कोणाकडेही धाडसाची कमतरता नव्हती, भुकेचीही नव्हती. विल्स तर शिक्षित निरीक्षक होता आणि शेवटपर्यंत नीट नोंदी करीत होता. तरीही महिन्याभरात त्यांना जे उमगले नाही ते त्या नदीकाठच्या कोणत्याही यांड्रुवांधा मुलीला लहानपणीच हाताखाली काम करताना समजले असणार. उपाशी माणसाजवळ चुका करून सुधारण्याइतका वेळ नसतो. ज्याच्या घरात दुसरे काही शिजते आहे, ज्याला आज हे जमले नाही तरी चालणार आहे, तोच माणूस एका कडू कंदावर वर्षानुवर्षे वेगवेगळे उपाय करून पाहू शकतो. दुष्काळात असे ज्ञान उपयोगी पडते, पण ते जमा होते सुकाळात, असे मला वाटते.

त्याआधी १७७० मध्ये जेम्स कुक यांचे ‘एन्डेव्हर’ जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर दुरुस्तीसाठी थांबले असताना खलाशांना तिथल्या लोकांच्या चुलींपाशी सायकड या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या बियांची टरफले दिसली. म्हणजे हे लोक हे खातात, असा सरळ निष्कर्ष काढून त्यांनी त्या बिया खाल्ल्या आणि उलट्या-जुलाबांनी बेजार झाले. ज्या डुकरांना त्या घातल्या त्यांतली काही मेली. टरफले डोळ्यांना दिसत होती. बिया दिवसचे दिवस पाण्यात ठेवून विष काढण्याचे काम दिसत नव्हते.

हीच गोष्ट कितीतरी मोठ्या प्रमाणावर कसाव्याच्या बाबतीत घडली. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या लोकांनी या कंदातले सायनाइड काढण्याची मोठी आणि कष्टाची पद्धत विकसित केली होती, ज्यात कंद किसणे, पिळणे, धुणे, गाळणे, मुरवत ठेवणे आणि भाजणे अशी कामे एकामागोमाग येतात, आणि ती करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हा कंद आफ्रिकेत नेला. कंद जहाजात बसून गेला, पण ते हात मागे राहिले. आफ्रिकेतल्या लोकांनी पुढे आपापल्या पद्धती शोधल्या, पण जिथे दुष्काळामुळे किंवा घाईमुळे त्यांतली एखादी पायरी गळते तिथे आजही कोन्झो नावाचा रोग होतो, ज्यात दोन्ही पाय कायमचे लुळे पडतात. मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात १९८१ च्या दुष्काळात हजाराहून अधिक माणसे अशी अपंग झाली, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती. आणि हा कंद आपल्यापासून दूर नाही. आषाढी एकादशीला नौपाड्यापासून नेरुळपर्यंत घरोघरी भिजत पडणारा साबुदाणा याच कसाव्याच्या पिष्टाचा असतो. तमिळनाडूतल्या सेलम भागात १९४० च्या दशकात त्याचे कारखाने सुरू झाले, आणि कंद किसून, पिष्ट पुन्हा पुन्हा धुऊन, निथळवून, भाजून तो आपल्यापर्यंत येतो. उपवासाच्या ताटातले बटाटे, शेंगदाणे, रताळी आणि मिरची हीसुद्धा अमेरिका खंडांतून आलेली. चारपाचशे वर्षांपूर्वी जे इथे कोणी पाहिलेही नव्हते ते आज सर्वांत पवित्र दिवसाचे अन्न आहे. तेव्हा ‘विचित्र’ हा त्या पदार्थाचा गुण नाही, तो पाहणाऱ्याच्या अपरिचयाचा भाग आहे, एवढे तरी मान्य करायला हरकत नसावी.

मग प्रत्यक्षात काय घडले असावे? माझ्या समजुतीप्रमाणे माणसांनी एकेक वनस्पती सुटी सुटी शोधली नाही. त्यांनी आधी काही थोडे उपाय शोधले, आणि मग ते उपाय भोवतालच्या सगळ्या गोष्टींवर लावून पाहिले. वाहते पाणी, विस्तव, राख, आंबट रस, ऊन, आंबवणे आणि माती, एवढ्या मोजक्या साधनांत जगातल्या बहुतेक ‘अवघड’ अन्नाचे रहस्य सामावलेले आहे. अँडीज पर्वतातले आयमारा लोक कडू रानटी बटाट्यांसोबत विशिष्ट चिकणमाती खात, कारण ती माती बटाट्यातली विषद्रव्ये धरून ठेवते. आपल्याकडे कडू कंद चिरून राखेसोबत उकळणे आणि ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवणे ही आदिवासी घरांतली जुनी रीत आहे. बांबूच्या कोवळ्या कोंबांत सायनाइड तयार करणारे घटक असतात, म्हणून ते चिरून भिजवायचे, उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचे. इराकी कुर्दिस्तानातल्या शानिदार गुहेत सापडलेल्या, सुमारे ७०,००० वर्षांपूर्वीच्या जळक्या अन्नकणांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात कडधान्ये भिजवून, कुटून शिजवल्याच्या खुणा दिसल्या. भिजवणे आणि पाणी टाकणे हे शेतीहून कितीतरी जुने आहे.

अळवाला चिंच लागते हे ज्या घराला ठाऊक आहे, त्या घराने सुरणाला आमसूल लावून पाहणे साहजिक आहे, आणि तिथून शेवळांपर्यंतचा पल्ला फार मोठा नाही, कारण तिन्ही एकाच कुळातली आहेत. बिब्ब्याच्या बाबतीत मला हे अधिकच जाणवते. बिब्ब्याच्या टरफलातले तेल कातडीवर फोड आणते, धोबी कपड्यांवर न पुसणारी खूण करण्यासाठी ते वापरीत, आणि त्याच टरफलाच्या आतली गोडंबी आपण लाडवांत घालतो. काजू सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून कोकणात आला. त्याच्याही टरफलात तसेच दाहक तेल असते, आणि तो बिब्ब्याच्याच कुळातला आहे. ज्या प्रदेशाला जळजळीत टरफलाआडचा गर काढण्याची सवय होती, त्याला काजू हाताळणे फार परके वाटले नसेल, असे मी अनुमानाने म्हणतो, पण हे अनुमान मला पटते.

असे पाहिले की ‘खाद्य’ हा वनस्पतीच्या अंगचा गुण उरत नाही. तो वनस्पती, ऋतू, भाग, उपाय आणि करणारा हात यांच्यातला संबंध होतो. शेवळ जूनमध्ये फुलोरा असतो, पुढे त्याच कंदाची कोवळी पाने लोत म्हणून विकायला येतात. टाकळा कोवळा असतानाच खायचा, कुरडूही तसाच. फोडशीचे पाते घ्यायचे आणि मधला कडक दांडा टाकायचा. यातली प्रत्येक सूचना म्हणजे कोणाच्या तरी बिघडलेल्या पोटाची, खाजलेल्या घशाची किंवा सुदैवाने टळलेल्या मृत्यूची फलनिष्पत्ती आहे, आणि ती ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी बायकांनी आपल्या मुलींना कामाच्या ओघात, न लिहिता दिलेली आहे. याला आपण ‘पारंपरिक’ म्हणून मोकळे होतो. मला ती शास्त्रीय कामगिरी वाटते. निरीक्षण, प्रयोग, नोंद, पडताळा आणि हस्तांतर हे सर्व तिच्यात आहे. नोंद फक्त स्मरणात आहे.

येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. आपल्या समाजात काय खाण्याजोगे आहे हे ठरवताना त्या पदार्थातल्या विषापेक्षा तो कोण खातो, याकडे अधिक पाहिले गेले. खाडीच्या चिखलातल्या निवट्या, खुबे आणि कालवे कोळी-आगरी घरांत चवीने खाल्ली गेली आणि बाहेरून आलेल्या शेजाऱ्यांनी नाके मुरडली. शेतातले उंदीर खाणाऱ्या कातकऱ्यांना तर त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या हिणवले गेले, जरी भाताचे नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारून त्याचे अन्न करणे यात लाजण्यासारखे काहीच नाही. रानभाजी कालपर्यंत गरिबाचे खाणे होती. आज तिला सेंद्रिय म्हणून मान मिळतो, आणि तरीही मान मिळतो तो भाजीला.

ठाणे खाडीने या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली आहे. १९६० च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई वसली. कारखान्यांची रसायने आणि शहरांचे सांडपाणी वर्षानुवर्षे खाडीत गेले. आज याच खाडीला २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळीचा दर्जा आहे, याचा आनंद आहेच. पण ज्या चिखलातली कालवे आजोबा बिनधास्त खात, त्याच चिखलातली कालवे खावीत की नाही असा प्रश्न नातवाला पडतो, आणि या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कोळीणीच्या अनुभवात असू शकत नाही, कारण जड धातूंना चव नसते आणि त्यांचा परिणाम एका आयुष्याच्या मापाने चालतो. हजारो वर्षांत मिळवलेली खाद्यता पन्नास-साठ वर्षांत संशयास्पद होऊ शकते. अशा वेळी जुन्या ज्ञानाला प्रयोगशाळेची जोड लागते, आणि खाडीतल्या मासळीची नियमित तपासणी करून तिचे निष्कर्ष कोळीवाड्यांना मराठीत कळवणे हे प्रदूषण होऊ देणाऱ्या व्यवस्थेचे किमान देणे आहे.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येतो. कृषी विभाग गेली काही वर्षे ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो. हा उपक्रम चांगला आहे, त्यामुळे अनेक शहरी माणसांना पहिल्यांदाच करटोली आणि कवळा यांची ओळख झाली. परंतु त्यात मांडलेल्या पाट्यांवर भाजीचे नाव, शास्त्रीय नाव आणि औषधी गुण यांचीच भर असते. कोणता भाग टाकायचा, कितव्या पाण्याला कडूपणा जातो, कोणत्या महिन्यानंतर ती खाऊ नये, तिच्यासारखी दिसणारी पण घातक वनस्पती कोणती, हे पाटीवर क्वचित येते. एन्डेव्हरच्या खलाशांना जेवढे दिसले तेवढेच आपण दाखवतो आहोत. समाजमाध्यमांवरच्या छायाचित्रांमुळे आणि फोनवरून वनस्पती ओळखून देणाऱ्या ॲपमुळे हा धोका वाढला आहे, कारण पावसाळ्यात येऊरच्या वाटेवर किंवा पारसिकच्या उतारावर फिरायला गेलेल्या उत्साही माणसाला नाव कळते आणि नावावरूनच तो पुढे जातो.

यावर काही जण म्हणतील की मग महापालिकांनी असल्या भाज्यांची विक्रीच थांबवावी. हा आक्षेप मी हलका मानत नाही, विषबाधा ही विषबाधाच असते. पण विचार करा, धोका कुठे अधिक आहे? टोपली घेऊन बसलेल्या बाईला ‘मावशी, ही कशी करायची?’ असे विचारले की ती भाजी देण्याआधी सगळी कृती सांगते, आणि काकडे नसतील तर चिंच जास्त घाला असेही बजावते. तिला हटवले की मागणी संपत नाही. तीच भाजी निवडून, पाकीटबंद होऊन, कृतीविना दुकानात येते. माहिती देणारा माणूस मधून काढून टाकणे हा सुरक्षिततेचा मार्ग असू शकत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. शेवळ हा फुलोरा आहे, तो खुडला की बी धरत नाही, आणि शहराची भूक वाढली तर डोंगर ओरबाडला जाईल. हे भय खरे आहे. त्यावर माझे एवढेच म्हणणे आहे की पुढच्या जूनमध्ये त्याच उतारावर परत यायचे असलेल्या बाईला काही शेवळे मागे ठेवण्याचे कारण असते, पोत्याने माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याला ते नसते. म्हणून थेट विक्रीची जागा तिच्याकडेच राहणे हे डोंगराच्याही हिताचे आहे. आणि उतारच इमारतींखाली गेला तर या वादाला विषयच उरणार नाही.

यासाठी नवे कायदे करण्याची गरज नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला सांगितले आहे. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी त्या नोंदवहीत रानभाज्यांसाठी कृतीचा रकाना ठेवावा, जो कार्यालयात बसून न भरता, त्या भाज्या आणणाऱ्या बायकांसोबत चुलीपाशी बसून, त्यांना त्या दिवसाची मजुरी देऊन आणि त्यांच्या पाड्याचे नाव लिहून भरावा. या ज्ञानावर हक्क त्या समूहांचाच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा सामुदायिक हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. तेव्हा उद्या एखाद्या कंपनीला काकडाच्या रसाचे किंवा कडू कंद धुण्याच्या पद्धतीचे उत्पादन करावेसे वाटले, तर मुरबाड-शहापूरच्या ग्रामसभांना विचारल्याखेरीज ते होऊ नये. महोत्सवाच्या पाट्याही याच नोंदींवरून लिहाव्यात, आणि जिथे खात्रीची कृती नाही तिथे ती भाजी मांडूच नये.

उरतो बसण्याच्या जागेचा प्रश्न. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार दर पाच वर्षांत निदान एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हायचे असते, आणि प्रमाणपत्र प्रामुख्याने त्या यादीतल्यांना मिळते. पावसाळ्याचे तीन-चार महिने पहाटेची कसारा किंवा कर्जत लोकल पकडून येणाऱ्या या बायका अशा यादीत यायच्या असतील तर सर्वेक्षण जून ते सप्टेंबर या काळात, सकाळी, स्थानकांच्या बाहेर झाले पाहिजे आणि हंगामी विक्रेता म्हणून त्यांची स्वतंत्र नोंद झाली पाहिजे. मोजदाद हिवाळ्यात केली तर त्यांतल्या कित्येक कातकरी कुटुंबांचा पत्ताच लागणार नाही, कारण दिवाळीनंतर ती वीटभट्ट्यांवर गेलेली असतात आणि पाऊस जवळ आल्यावरच परततात.